भुसा

रविवारी पाषाण रोडला
पेशींखेरीज कुणालाच घाई नसते.
गेटवर शिंत्रे वही पुढे सरकवतात,
मी लिहिते : वेळ सात चाळीस, कारण खायला घालणे.
पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं,
कुत्री ठेवलीत का मॅडम आत?
आता विचारत नाहीत.

सदतीस अंशांवर मिटलेलं कपाट.
आत गुलाबी पाण्यात
कुणाच्या तरी कातडीच्या पेशी, दोन दिवसांत दुप्पट.
नाव नाही, नंबर आहे.

त्यांच्याभोवती आहे ते लाकूड.
म्हणजे होतं एकेकाळी.
सुबाभळीचा भुसा, भवानी पेठेतून आणलेला,
पोतं साठ रुपये, रिक्षाचे वेगळे
(रिक्षाची पावती नाही म्हणून अकाउंट्सनं परत पाठवलेले).
सोड्यात उकळला
तेव्हा झाडाला ताठ ठेवणारं जे काही असतं
ते काळ्या चहासारखं निथळून गेलं.
मग ब्लीच. मग धुणं, अकरा पाणी.
मग इतका दाब, की धाग्याचा धागा सुटावा.
उरली ती जेल,
बाटली उलटी केली तरी न सांडणारी.
शंभरात नव्व्याण्णव पाणी, एक लाकूड.
उभं राहायला एवढंच पुरतं, हे मला
तिशी उलटल्यावर कळलं.

बाबा एकतीस वर्षं टिंबर मार्केटात,
रवजीभाईंच्या बँडसॉवर.
आई त्यांना दारातच झटकायची, सतरंजी झटकावी तशी,
तरी भुवयांत राहायचाच.
अनामिकेची दोन पेरं तिथंच गेली.
शोधली होती म्हणे सगळ्यांनी, भुशात हात घालून.
संध्याकाळी पोती भरली,
वीटभट्टीवाला घेऊन गेला.

आठ महिने पेशींनी पाय टेकला नाही.
जेलमध्ये सोडल्या की आपसात गोळा व्हायच्या,
पहाटे स्वारगेटला उतरलेल्या कुटुंबासारख्या,
बोचकी मध्ये, पाठी बाहेर.
मी वहीत लिहिलं : चिकटत नाहीत.
फिरोजा मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, पुष्कळ वेळ,
मग माझी ओळ खोडली.
गोळा होणं हेही राहणंच आहे, म्हणाल्या.
शरीरात कोण सपाट पसरून राहतं?

आपल्याला लाकूड पचत नाही.
ते कापायची कात्रीच नाही आपल्याकडे,
गाईच्या पोटातल्या जंतूंकडे आहे.
म्हणून ते नुसतं असतं,
ओळख दाखवत नाही, वाद घालत नाही.
प्रबंधात ह्याला जैवसुसंगत म्हणतात.
आई म्हणेल, शेजार चांगला आहे.

एकदा बाबांना फोनवर दाखवलं.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी स्क्रीन नाकाशी धरली.
साग?
सुबाभूळ.
टिकायचं नाही.
टिकायला नकोच आहे, बाबा.
ह्यावर ते गप्प झाले.
लाकडाबद्दल असं त्यांच्यासमोर
अजून कुणी बोललं नसावं.

काल रात्री घर मोडायला घातलं :
पडलेले ओंडके खाणाऱ्या बुरशीचं एन्झाइम,
दोन थेंब, प्रत्येक खोलीत.
आज उघडलं तर लाकूड नाही.
पेशी आहेत, तळाशी, गोळ्यांनिशी,
एकीलाही खरचटलेलं नाही.
घर गेलं आणि माणसं राहिली
असं ह्या शहरात मी पहिल्यांदाच पाहत होते.
हात थोडा कापला. पिपेट खाली ठेवली.

दुपारी घरी सांगितलं.
मग भुसा गेला कुठं? बाबांनी विचारलं.
त्याची साखर झाली.
साखर?
हो. पेशींनी खाल्लीही असेल थोडी.
ते भाताला आमटी कालवत राहिले,
तीन बोटं आणि अंगठा.
मी बघत होते. ते नाही.

पोतं कितीला दिलं त्यांनी?
साठ.
लुटलंय, म्हणाले.
चाळीसला मिळतं. पुढच्या वेळी
माझं नाव सांग.